फुटक्या वाटीचा निवाडा

मंगळवार, २ डिसेंबर

या दवाखान्यात जो येतो तो माझ्याबद्दल काहीतरी लिहून जातो. सिस्टर ताप बघते आणि पायथ्याला टांगलेल्या कागदावर लिहिते. रक्त काढणारा बाटलीवर लिहितो. डॉक्टरीण तर कागदावर लिहिते, वर फोनमध्येही लिहिते. मी विचारलं, "काय लिव्हलं गं माझ्याबद्दल?" तर म्हणे, "काही नाही आजी, बीपी." म्हटलं, मग आपली बाजू कोणी लिहायची? म्हणून नातीला, सायलीला, वही घेऊन बसवलंय. ती कॉलेजात जाते. मोबाइलवर दोन अंगठ्यांनी भराभर लिहिते, पण पेन हातात दिला तर तोंड असं केलं की जणू शेण काढायला सांगितलं. मला अक्षर येत नाही. तिला येतं, पण तिचं अक्षर तिलाच वाचता येत नाही, असं तिची आई तृप्ती म्हणते. म्हणजे दोघी सारख्याच.

मी 'हाय' म्हणते तिथे ती बहुतेकदा 'आहे' लिहिते. लिहू दे. पेन तिचा, गोष्ट माझी.

तर झालं असं. आमची द्राक्षबाग निफाडजवळ. सध्या विरळणी चालू आहे, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढायचे, राहिलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची. शनिवारी बाया कामावर आणि मी त्यांच्या मागोमाग, कोण चुकार घड सोडून पुढे जाते ते बघत. वर बघत चालले आणि खाली ठिबकच्या नळीत पाय अडकला. कुशीवर पडले. उठायला गेले तर उजवा पाय माझं ऐकेना. एवढी वर्षं ऐकत होता.

लेक ललित नाशकात इंदिरानगरला राहतो, शेतीच्या औषधांचं दुकान आहे. तो गाडी घेऊन आला आणि इथे आणून टाकलं. आता पायातून सळई घातली आहे, तिला दोरी, दोरीला वजन, आणि ते पलंगाखाली लोंबतंय. विहिरीवरच्या बादलीसारखं. पाणी तेवढं येत नाही.

प्रतिभा डॉक्टरीण म्हणाली, "आजी, तुमची वाटी फुटलीय." म्हटलं, वाटी तर गुडघ्याची. तर म्हणे नाही, ही खुब्याची. मांडीच्या हाडाच्या टोकाला एक गोळा असतो, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो आणि फिरतो. माझा गोळा शाबूत, पण तो वाटी फोडून आत घुसला. एवढी वर्षं अंगात वाटी घेऊन हिंडले आणि मला पत्ता नाही! मी म्हटलं, "मग लावा की पलस्तर." ती हसली. "आतल्या वाटीला पलस्तर कुठून लावू, आजी?" खरंच की. मग तिने संगणकावर माझी कंबर दाखवली, चहूबाजूंनी गोल फिरवून. हाडं निळी दिसत होती. मी विचारलं, खरी पण निळी असतात का? सायली फिदीफिदी हसली, पण डॉक्टरीण नाही हसली. म्हणाली, "चांगला प्रश्न आहे. पांढरी असतात."

मला ही बाई आवडली.

बुधवार, ३ डिसेंबर

आज निवाडा लागला. ऑपरेशन नाही. दोन महिने असंच वजन लावून पडून राहायचं, मग बघू.

तो कसा लागला ते सांगते. डॉक्टरीण आली, पलंगाच्या कडेला उभी राहिली आणि ललितला विचारलं, "आजी दिवसभर काय करतात? चालणं-फिरणं किती? खाली मांडी घालून बसतात का?"

ललित म्हणाला, "नाही हो. आमची आई काही करत नाही. खुर्चीवर बसून असते. हातात जपमाळ."

जपमाळ! माझ्या हातात लसणाची माळ सोडून दुसरी कुठली माळ आलेली नाही.

पण मी गप्प बसले. आमच्याकडे असंच सांगायचं असतं. बऱ्या घरच्या लेकाला कोणी विचारलं, आई काय करते, तर 'काही करत नाही' हेच उत्तर. 'आई बागेत राबते' म्हटलं की समोरचा मनात म्हणतो, याला आई पोसवत नाही काय. माझी नणंद शेवटपर्यंत गोठा सांभाळत होती आणि तिचा लेक लग्नपत्रिका वाटताना सांगायचा, आई आता आराम करते. मागून तिच्या हाका ऐकू यायच्या म्हशीला. ललितने तर त्याच्या सोसायटीत सांगून ठेवलंय की आई गावाला झोपाळ्यावर बसून असते. आमच्याकडे झोपाळाच नाही. आणि चार लोकांत लेकाला खोटं पाडणारी आई मी कधी बघितली नाही.

डॉक्टरीण म्हणाली, "मग मोठं ऑपरेशन करून त्यांना त्रास नको. वय आहे, हाडं ठिसूळ आहेत, रक्त जाईल. पडून राहून वाटी आपोआप जुळते थोडीफार. पाय आखूड होईल, पण घरातल्या घरात काठीने चालतील."

ललितने एवढा मोठा श्वास सोडला की पडदा हलला. आणि लगेच बाहेर गेला. दवाखान्यात आला की त्याला सारखे फोन येतात. त्याचे वडील अंतर्गळाच्या ऑपरेशनला गेले तेव्हा दहावीत होता. ते हसत, चालत आत गेले होते. ललित बाहेर बाकावर बसलेला. आत काय झालं ते मला अजून धड कोणी सांगितलं नाही, पण बाहेर आणले तेव्हा तोंडावरून पांढरं ओढलेलं होतं. तेव्हा हातात फोन नव्हते, नाहीतर तेव्हाही बाकावरून उठून गेला असता.

गुरुवार, ४ डिसेंबर

काही घडलं नाही. छताला एक पालीचं पिल्लू आहे. तृप्तीने मुगाची खिचडी आणली. बेडपॅनबद्दल मला बोलायचं होतं, पण सायली लिहायला तयार नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

कुसाबाई आली. कुसाबाई पेठकडची. दर हंगामाला तिकडच्या बायांची टोळी घेऊन आमच्या बागेत उतरते. बसने आली, पिशवीत नागलीची भाकरी आणि तिखट. डोंगरातली माणसं सगळ्यांना अरे-तुरेच करतात, त्यात काही वावगं नसतं.

"बाई, तू काय अशी पडून राहिलीस? तिकडं पोरी घडाची चाळण करतात. मी एक, डोळे दोन."

"दोन तरी हायेत ना? माझं बघ, पाय एकच उरला."

ललितने तिला खुर्ची दिली. ती म्हणाली, "नको दादा, खुर्चीवर माझं बोलणं निघत नाही." आणि भिंतीला टेकून उकिडवी बसली. कशी बसली सांगू? हाताचा आधार नाही, कण्हणं नाही. घार झाडावर उतरते तशी. आणि तशीच बोलत राहिली, भाकरी मोडत, हात हलवत. मी तिचं बोलणं ऐकलंच नाही. मी तिचे गुडघे बघत होते. सगळी बाग त्या बसण्यावर असते. खालचे घड उकिडवं बसल्याशिवाय दिसत नाहीत, आणि चोरटे मणी सगळे खालच्या घडात. जेवायला बसायचं ते वेलाच्या बुंध्याशी, गप्पा तिथे, भांडणं तिथे, थंडी पडली की शेकोटी तिथेच. उभ्या माणसाला बागेत काय कळतं? उभा असतो तो व्यापारी.

मी विचारलं, "कुसे, तुमच्याकडं कुणाचा खुबा मोडला का कधी?"

"पुंजाचा मोडला की. मोहाच्या झाडावरून पडला. नाय नेला कुठं. बाजेवर ठेवला."

"मग?"

"जुळलं हाड. चालतो ना, असा." आणि तिने दोन बोटांनी फरशीवर पुंजा चालवून दाखवला. एक बोट आखूड. सायलीला हसू आलं. "दारात बसून असतो. येणाऱ्याला विचारतो, कुठं चाललास. जाणाऱ्याला विचारतो, कुठं चाललास. बायको म्हणते, एवढं विचारतो तर पोलिसात घाला."

मीही हसले. कुसाबाई गेल्यावर सायलीला म्हटलं, खिडकीचा पडदा सार. तिने विचारलं, आजी, डोळ्याला काय झालं? म्हटलं, तिखट लागलं कुसाबाईचं.

रविवार, ७ डिसेंबर

आज मी ललितला मिसळ आणायला पाठवलं. रविवारची मिसळ म्हणजे गर्दी, तो लवकर येणार नव्हता. मला मिसळ नको होती. डॉक्टरीण एकटी हवी होती.

ती आली तशी म्हटलं, "बाई, माझा लेक चांगला हाय. पण त्यानं तुला माझ्याबद्दल जे सांगितलं ना, ते माझ्याबद्दल नाय."

"म्हणजे?"

"मी खुर्चीवर बसत नाय. आमच्याकडं खुर्ची हाय, तिच्यावर बियाणाचं पोतं असतं. मी उजाडल्यापासून बागेत असते. बसते उकिडवी."

तिने पांघरूण सारून माझ्या पावलांचे घोटे बघितले. मांडी घालून घालून तिथे कातडं काळं, जाड झालंय. हात उलटे करून बघितले. बोटांना द्राक्षाच्या चिकाचे डाग. "हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं," असं ती पुटपुटली, आणि खुर्ची ओढून बसली. पहिल्यांदाच बसली ती माझ्याजवळ.

"आजी, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू मला कुठं विचारलंस? तू ललितला विचारलंस."

त्यावर ती लाल झाली. मग सगळं सांगायला लागली. मला सगळं कळलं असं नाही, पण जे कळलं ते लिहून घे म्हटलं सायलीला.

तीन वाटा आहेत. पहिली, पडून राहायचं, ती पुंजाची. दुसरी, पोटाच्या खालून आत शिरायचं, फुटलेले तुकडे जागच्या जागी बसवायचे आणि पट्ट्या-स्क्रूने आवळायचे. वाटी माझीच राहील. जुळली तर हळूहळू खाली बसताही येईल कदाचित. पण महिनोन्‌महिने पाय टेकायचा नाही, आणि जुळली नाही तर पुन्हा फाडायचं. तिसरी, पट्ट्या लावायच्याच, वर त्याच वेळी गोळा काढून नवा बसवायचा, वाटीत नवी वाटी. त्यात चार दिवसांत उभं करतात. पण उकिडवं बसणं जन्मात नाही.

"मग दुसरी कर की. त्यात एवढा इचार काय?"

तिने पुन्हा ते निळं चित्र काढलं. वाटीचं छत आत चेपलंय, म्हणाली. तुकडे फुटले तर जोडता येतात. छत चेपलं की त्याला वर उचलून धरावं लागतं, आणि म्हाताऱ्या हाडात ते धरून राहत नाही. आणि थांबायलाही वेळ नाही, आठवडाभरात तुकडे आतल्या आत चिकटायला लागतील, मग दुसरी वाटच बंद.

मग तिने तिच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले असावेत, सरळ नवा गोळा बसवा, कारण ही म्हणत होती, "सर, पण त्यांना खाली बसायचंय... नाही सर, हट्ट नाही, त्यांचं काम आहे ते..." आणि मग बराच वेळ नुसतं "हो सर." मला तर गंमतच वाटली. मला वाटायचं, एवढं शिकल्यावर सगळ्यांना एकच उत्तर येत असेल. हे तर आमच्या छाटणीसारखं निघालं. काडीवर किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे, यावरून बांधाला बांध लागून असलेले दोन भाऊ बोलायचे बंद झालेले आहेत.

मिसळ आली. गार झाली होती. खाल्ली.

सोमवार, ८ डिसेंबर

ललित माझ्याशी बोलत नाहीये. म्हणजे बोलतो, पण गोळ्यांचं.

काल संध्याकाळी म्हणाला, "आई, तुला काय गरज होती? त्यांनी नाही म्हटलं होतं ना ऑपरेशनला?"

"तुझं नाक कापलं गेलं का रे एवढं? आई राबते म्हटल्यावर?"

"नाकाचं काय घेऊन बसलीस!" एवढ्या जोरात ओरडला की सिस्टर डोकावली. मग हळू म्हणाला, "पाय आखूड झाला असता तर काय बिघडलं असतं? मी नेली असती तुला घरी. बसली असतीस."

"बसून काय करू, जपमाळ?"

तो उठून बाहेर गेला. एवढ्या मोठ्या माणसाला चेष्टा सोसत नाही. सायलीने पेन खाली ठेवला आणि म्हणाली, आजी, तुला कळत नाही. म्हटलं, काय कळत नाही? म्हणाली, जाऊ दे. आजकाल पोरं अर्धंच बोलतात.

दुपारी डॉक्टरीण आली. मी विचारलं, "आत उघडल्यावर चित्रापेक्षा येगळं निघालं तर?"

"निघू शकतं. मग तिथे ठरवेन."

"तेव्हा मी झोपलेली. म्हणजे तू एकटीच ठरवणार. मग आत्ताच सांगून ठेव, काय दिसलं तर काय करशील."

ती म्हणाली, असं कोणी विचारत नाही. मी म्हटलं, छाटणीला मी बायांना रस्त्यावरून कधी सांगत नाही, इतके डोळे ठेवा म्हणून. वेलापाशी जाऊन काडी हातात धरल्याशिवाय कोणाच्या बापाला कळत नाही. पण आदल्या दिवशी एवढं ठरवून ठेवते, की काडी जाड निघाली तर काय आणि बारीक निघाली तर काय. म्हणजे ऐन वेळी कात्री लटपटत नाही.

मग आमचं ठरलं. छत उचलून बघायचं. उचललं आणि धरून राहिलं तर पट्ट्या, आणि मी खाली बसायची. हलवून बघितल्यावर पुन्हा खचलं तर हट्ट करायचा नाही, नवा गोळा. "आणि माझी दया येऊन जोडत बसू नको," मी बजावलं. तिने मान हलवली. मग माझा हात हातात घेतला. नाडी बघत असावी.

संमतीच्या कागदावर मी अंगठा उठवला. ललितला सही करायची होती. द्राक्षाच्या व्यापाऱ्यांचे कागद न वाचता सही करणारा माझा लेक, तो कागद वाचतच बसला. पुन्हा वरून सुरू केला. तृप्तीने हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा केली.

मंगळवार, ९ डिसेंबर

सकाळ. तोंडात पाणीसुद्धा घालू देत नाहीत. सायली, थोडंच लिही.

मला भीतीबिती काही नाही. कुसाबाईला फोन करून सांग, उत्तरेकडच्या ओळी राहिल्यात, तिकडे मणी जास्त ठेवू नका. तृप्तीला सांग, माझं ठेवणीतलं लुगडं पिशवीत खालीच राहू दे, एवढ्यात वर काढू नका. ललितला जेवायला घाला. कुसाबाईला आठवणीने सांग, उत्तरेकडच्या ओळी. हे आधी सांगितलं का? मग दोनदा लिही. आणि ललितला त्या बाहेरच्या बाकावर बसू देऊ नका, तो बाक मोडका आहे. मी येताना बघितलाय. नसेल मोडका तरी बसू देऊ नका.

गुरुवार, ११ डिसेंबर

आहे मी.

काल दिवसभर गुंगी. कोणी बोलेना. मी सायलीला विचारलं, काय केलं गं आत? ती म्हणाली, डॉक्टर सांगतील. तेव्हाच कळलं. चांगली बातमी असती तर ही पोरगी डॉक्टरची वाट बघणारी नाही.

आज डॉक्टरीण आली. उभ्या उभ्या नाही, बसून बोलली. "आजी, छत उचललं. खालून हाडाचा भर घातला, स्क्रू मारला. पाय हलवला आणि खचलं. पुन्हा उचललं."

"एकदाच ठरलं होतं."

"हो. मी दोनदा केलं. दुसऱ्यांदाही खचलं. मग ठरल्याप्रमाणे."

म्हणजे नवा गोळा. म्हणजे उकिडवं बसणं संपलं.

मी भिंतीकडे तोंड केलं. ती उठून गेली नाही, बसून राहिली. मला तिचा राग आला होता, आणि तिने दुसऱ्यांदा करून बघितलं म्हणून तो धड धरताही येईना. शेवटी मीच विचारलं, "माझा जुना गोळा कुठं हाय?" म्हणाली, तो तपासायला दिला. विचारलं, कसा होता दिसायला? तिने जरा आठवून सांगितलं, एका बाजूला गुळगुळीत, चकचकीत, आणि वाटीची धार लागून एक खाच पडलेली. "वापरलेला होता आजी. चांगला वापरलेला."

निळा नव्हता ना, विचारलं. हसली ती. मला नाही आलं हसू.

शुक्रवार, १२ डिसेंबर

उभी राहिले.

आधी दोघींनी बसवलं. कितीतरी दिवस नुसतं छत बघितलं होतं, आता खोलीला भिंती आहेत हे कळलं. समोर लोखंडी वॉकर ठेवला. डॉक्टरीण एका अंगाला, सिस्टर दुसऱ्या अंगाला. खाली फरशी गार, म्हणून ललित वाकून माझ्या पायात चपला घालायला लागला. मी म्हटलं, तृप्ती घालेल. म्हणाला, नको, मी घालतो.

"आजी, वजन हातांवर घ्या. हं, आता."

आणि झाले की उभी! दुखलं. पण पाय माझं ऐकतो. नवीन आहे, तरी ऐकतो. खिडकीतून खाली रस्ता दिसला, रिक्षा, पेरू विकणारी बाई. आणि पायाशी ललितचं डोकं. मधोमध टक्कल पडलंय त्याला. केव्हा पडलं? एवढा मोठा झाल्यापासून मी त्याला वरून बघितलंच नव्हतं.

तो खालूनच म्हणाला, "आई, द्राक्षाच्या मांडवाखाली कुठली खुर्ची मावेल? पाठ असलेली की बिनपाठीची?"

"तुला काय करायचंय?"

"जानेवारीत घेऊन जातो तुला. माल निघायच्या आधी. खालचे घड कुसाबाई बघेल, तू तिला बघ."

मी म्हटलं, "बिनपाठीची. पाठ असली की माणूस टेकतो." डॉक्टरीण म्हणाली, उंच हवी, गुडघ्याच्या वर, ते लक्षात ठेवा. म्हटलं, ठेवते. मग ती म्हणाली, एक पाऊल टाकायचं का? मी म्हटलं, टाकते, पण हा बाजूला तर होऊ दे. "अरे ललित, ऊठ. खुबा माझा मोडलाय, तुझा नाय."

चपला तर केव्हाच पायात गेल्या होत्या. दोन्ही. तरी हा आपला खालीच, माझे पाय धरून, मान खाली घालून. सिस्टरसुद्धा थांबली. काय शोधत होता कोण जाणे.